कौशल्याबाईंच्या खुर्चीतला चौथा सेल

श्यामराव खांबेटे "मी बघतो" असं म्हणाले, तेव्हा त्यांना कोणीही काहीही बघायला सांगितलेलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी पुढे अनेकदा, आणि शक्यतो चारचौघांत, त्यांच्या निदर्शनास आणून दिली. पण आपण बोलावल्याशिवाय कुठे जात नाही, असा श्यामरावांचा स्वतःबद्दल ठाम समज होता, आणि समज एकदा ठाम झाला की त्याला पुराव्याची गरज उरत नाही.

झालं होतं असं, की तळमजल्यावरच्या कौशल्याबाईंची विजेवर चालणारी खुर्ची इमारतीच्या फाटकातच बंद पडली. कौशल्याबाई म्हणजे आप्पासाहेबांच्या मातोश्री, आणि आप्पासाहेब म्हणजे ज्यांच्या शेतावर आज ही इमारत उभी आहे ते. इमारतीचं नाव 'इंद्रजीत हाइट्स'. इंद्रजीत हा आप्पासाहेबांचा मुलगा. हाइट म्हणाल तर मजले चारच. मांडीचं हाड मोडल्यापासून कौशल्याबाईंचं चालणं थांबलं होतं, पण नातवाने ही खुर्ची आणून दिली आणि बाई पुन्हा मोकळ्या सुटल्या. रोज संध्याकाळी एका बोटाने खुर्ची हाकत त्या मारुतीच्या देवळात जायच्या, तिथल्या पारावर जुन्या वारज्यातल्या उरल्यासुरल्या मैत्रिणींबरोबर अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि ताज्यातवान्या होऊन परत यायच्या. सोबतीला इंद्रजीतची बायको शालू असायची. आजींचं औषधपाणी, खुर्चीचं चार्जिंग, सगळं शालूकडे होतं आणि दोघींचं मेतकूट चांगलं जमलेलं होतं.

"ढकलत नेऊ का, आई?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मी काय हातगाडी हाय व्हय रं, ढकलायला?" कौशल्याबाई म्हणाल्या.

नेमके त्याच वेळी श्यामराव मेथीची जुडी घेऊन फाटकातून आत शिरत होते. "मी बघतो," ते म्हणाले.

श्यामराव खडकीच्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू हातात घ्यायच्या आणि त्यात खोट काढायची, हे काम त्यांनी आयुष्यभर पगार घेऊन केलं. निवृत्तीनंतर तेच काम ते घरी बिनपगारी करत. आमटीपासून वर्तमानपत्रापर्यंत घरात येणारी प्रत्येक गोष्ट तपासणीतून जात असे. खोट सापडलेली वस्तू पुढे दुरुस्त कोण करायचं, हा प्रश्न मात्र कारखान्यात त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता. ते खातं वेगळं होतं, दुसऱ्या इमारतीत. ही बारीकशी बाब फाटकात उभं असताना त्यांच्या लक्षात आली नाही.

खुर्चीच्या बैठकीखालून त्यांनी बॅटरीचा डबा सोडवला. डबा लहानसाच, पण चांगला वजनदार. शालूने आतून टॉवेल आणून दिला आणि त्यात गुंडाळून श्यामराव तो लिफ्टकडे घेऊन निघाले. लिफ्टच्या दारात सोसायटीच्या सेक्रेटरी तनुजाताई उभ्या होत्या.

"काय आहे टॉवेलमध्ये?"

"बॅटरी."

"लिथियमची?"

"हो."

"जिन्याने न्या."

"अहो, जड आहे. तिसरा मजला आहे माझा."

"लिफ्टमध्ये पेटली तर तुम्ही एकटे जाल. लिफ्ट सगळ्यांची आहे."

श्यामराव जिन्याने गेले. प्रत्येक वळणावर टेकत, टॉवेलातल्या त्या ओझ्याला दोन्ही हातांनी धरून. दुसऱ्या मजल्यावर दार उघडून सौमित्र बाहेर आला. हा एका संगणक कंपनीत होता, घरूनच काम करायचा, आणि त्यामुळे जिन्यात काय चाललंय हे त्याला नेहमी आधी कळायचं.

"काका, बॅटरी पॅक आहे का? बेसिकली ना, आधी सेन्स वायर्स चेक करा. सेल्स मोस्टली ओके असतात, कनेक्शन लूज असतं. मी व्हिडिओ पाठवतो तुम्हाला."

"व्हिडिओ बघून तपासणी होत नसते," श्यामराव धापा टाकत म्हणाले. "तपासणीला दृष्टी लागते."

"शुअर," सौमित्र म्हणाला आणि दार लावून घेतलं.

डबा जेवणाच्या टेबलावर विराजमान झाला. टेबलावर सुनीतीबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल होता. तो काढून ठेवा, असं त्यांनी स्वयंपाकघरातून सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला ऐकू आलं नाही, असं श्यामरावांचं. डब्याच्या कडेला एक चकचकीत चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. चष्मा आतल्या खोलीत असल्यामुळे श्यामरावांनी ती न वाचताच स्क्रूड्रायव्हरने फाडली.

मग कपाटातून मल्टीमीटर निघाला. विजेचा दाब आणि प्रवाह मोजायचं हे यंत्र त्यांना निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी भेट दिलं होतं आणि तेव्हापासून ते खोक्यातच होतं. त्याच्या लाल तारेला दोन भोकं: एक दाब मोजायचं, दुसरं प्रवाह मोजायचं. श्यामरावांनी भारदस्तपणे तार दुसऱ्यात खोचली आणि टोकं बॅटरीला लावली. फटाक्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, लाल तारेचं टोक वितळलं आणि क्रोशाच्या रुमालाला बरोबर मध्यभागी एक भोक पडलं.

सुनीतीबाई हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सापडला का दोष?" त्यांनी विचारलं.

"बॅटरीत जोर आहे, एवढं सिद्ध झालं," श्यामराव म्हणाले. सुनीतीबाई काही न बोलता आत गेल्या. या घरात काही न बोलणं ही शेवटची पायरी समजली जाते.

नव्या तारा आणून श्यामरावांनी पुन्हा सुरुवात केली. डब्यात सेलांच्या सात जुड्या, श्यामरावांच्या हिशेबी सात सेल, एकीला एक जोडलेल्या होत्या. प्रत्येक जुडीपासून एकेक बारीक तार निघून एका पांढऱ्या प्लगमध्ये जात होती, आणि तो प्लग एका हिरव्या पाटीत खोचलेला होता. ही पाटी म्हणजे बॅटरीची राखणदार. ती त्या बारीक तारांमधून प्रत्येक जुडीची विचारपूस करते, आणि एकीकडून जरी उत्तर आलं नाही, तरी सगळ्यांचंच कामकाज बंद करते. सरकारी कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे तत्त्व समजायला वेळ लागला नाही. त्यांनी प्लगच्या मागच्या बाजूने एकेका तारेचा दाब मोजला. पहिल्या तिघी ठणठणीत. चौथीकडून शून्य. पुढच्या पुन्हा ठणठणीत.

"चौथा गेला," श्यामराव मोठ्याने म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख असायला हवं होतं, पण तिथे आनंद होता.

आता नुसता दोष सापडून तपासनिसाचं समाधान होत नसतं; दोषी सापडावा लागतो. संध्याकाळी तळमजल्यावर, आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये, चहा घेता घेता श्यामरावांनी निकाल दिला. चौथा सेल मेलेला आहे. सेल असा आपोआप मरत नाही. त्याला जास्त चार्जिंग झालेलं आहे.

"चार्जिंगला कोण लावतं?" त्यांनी विचारलं. खरं तर हे त्यांना ठाऊक होतं. पण कारखान्यात प्रश्न विचारल्याशिवाय निकाल पुरा होत नसे.

"मी लावते," शालू दारातून म्हणाली. "रात्री लावते, सकाळी काढते. पुस्तिकेत तसंच—"

"रात्रभर!" श्यामराव म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी इतक्या संथपणे आणि इतक्या दुःखाने हलवली, की पुस्तिकेत काय लिहिलंय ते पुढे ऐकायची कोणाला गरजच वाटली नाही. शालूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने चहाचे कप उचलले.

आप्पासाहेबांनी चार्जर काढून आपल्या कपाटात, जमिनीच्या सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर, कुलपात ठेवला. बॅटरी तिसऱ्या मजल्यावर असताना चार्जरला कुलूप का, हे कोणी विचारलं नाही. आणि कौशल्याबाई शालूशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांनी भांडण काढलं नाही, की आवाज चढवला नाही. "पाणी दे" हेदेखील त्या इंद्रजीतला सांगायच्या, आणि इंद्रजीत घरी नसला की तहानलेल्या बसायच्या.

हे श्यामरावांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. पण सत्य कधी कधी कटू असतं, असं त्यांनी सुनीतीबाईंना ऐकवलं. सुनीतीबाई म्हणाल्या, कटू असायला आमची हरकत नाही, आधी सत्य असू द्या.

पुढची पायरी म्हणजे कंपनीचं सेवा केंद्र. ते मांजरीला. म्हणजे वारज्याहून निघून अख्खं पुणे ओलांडायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं. रिक्षावाल्याने टॉवेलकडे बघून नकार दिला, म्हणून आप्पासाहेबांनी जीप काढली. मांजरीच्या अलीकडे ते उसाच्या ट्रॉलीमागे अडकले. मांडीवर बॅटरी घेऊन श्यामराव वाटभर आप्पासाहेबांना सांगत होते, की कंपनीच्या माणसांशी कसं बोलायचं ते माझ्यावर सोडा.

काउंटरवर एक मुलगी होती. तिने डबा फिरवून पाहिला.

"सील तुटलंय, सर."

"हो."

"कोणी तोडलं?"

"ते... तुटलेलं आहे."

"वॉरंटी गेली मग. तोडू नका असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं. तुम्ही ग्राहक का?"

"मी तज्ज्ञ म्हणून आलोय."

मुलीने संगणकात पाहिलं. "तज्ज्ञ असा पर्याय नाहीये, सर. ग्राहक, नातेवाईक किंवा डीलर."

"शेजारी," आप्पासाहेब मागून म्हणाले. "शेजारी घाला."

शेजारी असाही पर्याय नव्हता. अखेर श्यामरावांची नोंद नातेवाईक म्हणून झाली आणि उत्तर तेच राहिलं: उघडलेली बॅटरी घेता येणार नाही, नवीन मागवा, यायला वेळ लागेल. परतीच्या वाटेवर श्यामराव उसाच्या ट्रॉल्या मोजत बसले. आप्पासाहेब बिचारे मनापासून गाडी चालवत होते. "तुमी मनाला लावून घिऊ नका," फाटकाशी आल्यावर ते म्हणाले. "तुमी होता म्हनून कळलं तरी, कुनाच्या हातनं बिघडलं त्ये."

कंपनीने आपल्याला नातेवाईक ठरवलं, हे श्यामरावांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आपला निष्कर्ष कंपनीच्या तोंडावर मारायचा, तर तो कागदावर पक्का हवा. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, सुनीतीबाई भिशीला गेल्या असताना, त्यांनी मेलेल्या चौथ्या सेलचा पंचनामा करायला घेतला. या वेळी प्लगवर न मोजता त्यांनी मीटरची टोकं थेट सेलच्या पत्र्यांवर टेकवली.

सेल जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, भावंडांसारखाच टुणटुणीत होता.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. सेलपाशी दाब आहे. त्याच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, प्लगमध्ये, नाही. म्हणजे सेल ठीक आहे आणि त्याची खबर पोचवणारी वाट कुठेतरी तुटलेली आहे. सौमित्र जिन्यात जे म्हणाला होता ते हेच. श्यामरावांनी ती बारीक तार बोटाने चाचपत शेवटपर्यंत नेली आणि पांढरा प्लग हलकेच उपसून उजेडात धरला.

चौथ्या घरात तांदळाचा एक दाणा बसला होता. कुंकवाने लाल झालेला, पाण्याने फुगलेला, हळदीच्या वाळक्या लगद्यात नीट रुतून बसलेला. त्याच्याखाली पितळी पिन हिरवी पडून कुजली होती.

श्यामराव खुर्चीत मागे टेकले. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

दसऱ्याला आप्पासाहेबांकडे वाहनांची पूजा होती. जीप, दोन स्कूटर, जागा विकल्यापासून शेत न पाहिलेला ट्रॅक्टर, आणि झेंडूची माळ घातलेली कौशल्याबाईंची खुर्ची. ठरलेल्या गुरुजींचा फोन लागेना, म्हणून आप्पासाहेब वर आले आणि म्हणाले, तुमीच दोन मंत्र म्हना. श्यामरावांना येत होते तेवढे मंत्र त्यांनी जीपपाशीच संपवले आणि पुढे तेच फिरवून म्हटले. खुर्चीपाशी आल्यावर मात्र त्यांना एकदम शास्त्र आठवलं. झाकणावर पूजा म्हणजे दारावर पूजा, असं ते म्हणाले. शक्ती आत आहे, ती उघडी हवी. इंद्रजीतने बॅटरीच्या डब्याचं वरचं, सील नसलेलं, खटक्याचं झाकण काढलं. श्यामरावांनी आत हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. तबक धरून शालू शेजारी उभी होती.

"काका, तिथं वायरी आहेत," ती हळूच म्हणाली होती. "पाणी नका घालू."

"मंत्राच्या मध्ये बोलू नये, बाळ," श्यामराव म्हणाले होते, आणि पळीभर पाणी घातलं होतं. मग तिने मध्ये बोलल्याबद्दल आणखी एक पळी.

हे सगळं आता त्यांना इतकं लख्ख आठवलं, की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. रात्रभर चार्जिंग! तिने हॉलमध्ये तोंड उघडून मिटलं, तेव्हा तिच्या तोंडात काय आलं होतं, तेही त्यांना आता कळलं.

त्यांनी सुनीतीबाईंच्या सुईने तो दाणा काढला, पिन स्पिरिटने आणि जुन्या टूथब्रशने घासली, वाळवली. एवढं नाजूक काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते झालंही उत्तम. प्लग खोचताच राखणदार पाटीवरचा हिरवा दिवा लागला. एरवी या क्षणी श्यामरावांनी सगळ्या मजल्यांना हाक मारली असती. आता त्यांच्यापुढे प्रश्न होता तो दाण्याचा. काही झालं तरी ती अक्षता होती, केराच्या डब्यात टाकता येईना. ते गॅलरीत गेले, दाणा तुळशीच्या कुंडीत ठेवला आणि हात जोडले.

"तुम्ही, आणि तुळशीला नमस्कार?" मागून सुनीतीबाईंचा आवाज आला. भिशी लवकर आटोपली होती. "बरं वाटतंय ना?"

"बॅटरी झाली," श्यामराव म्हणाले.

शालूच्या हातात डबा देताना त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"काय झालं होतं हो, काका?"

"जरा संपर्क सुटला होता."

"कशाने?"

"दमट हवेने," श्यामराव म्हणाले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि थंडीने ओठ फुटत होते.

शालूने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "असेल," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने श्यामरावांचं जेवण गेलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी परत दिल्या असत्या. वाद घातला असता तर त्यांनी जिंकला असता. 'असेल'चं काय करायचं? जिन्यात तिची चाहूल लागली की ते घरात शिरू लागले. खरं सांगून टाकायचं, असं ते रोज सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत त्यात अडचणी निघायच्या. खुर्ची पुन्हा धावू लागली होती, पण कौशल्याबाई आता इंद्रजीतला बरोबर नेत होत्या. शालूला चार्जरला हात लावायला मनाई होती. आणि आप्पासाहेबांनी त्यांना काही सांगायला फटच ठेवली नव्हती. मेलेला सेल जिता करणारा माणूस, अशी कीर्ती त्यांनी देवळापर्यंत पोचवली होती, आणि रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये श्यामरावांचा सत्कार ठरवला होता.

शनिवारी फाटकावर फलक लागला. बारा फुटी. श्यामरावांचा फोटो कोणाच्या तरी लग्नातला होता, त्यात त्यांनी फेटा घातला होता आणि ते खूश दिसत होते. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वारज्याचे भूषण, बॅटरीतज्ज्ञ मा. श्यामरावजी खांबेटे यांचा जाहीर सत्कार'. त्याखाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या तीन रांगा होत्या, आणि त्यातल्या एकालाही श्यामराव ओळखत नव्हते.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सुनीतीबाईंना सगळं सांगितलं. दाणा, पळी, दुसरी पळी, सगळं.

"मला वाटलंच," सुनीतीबाई म्हणाल्या.

"कधी?"

"तुम्ही तुळशीपुढे हात जोडलेत तेव्हा. आता काय करणार?"

"उद्या भाषणात सूचकपणे सांगेन म्हणतो."

"सूचकपणे!" सुनीतीबाईंनी कप खाली ठेवला. "त्या पोरीशी आजी बोलत नाहीत. ती जिन्यात बसून डोळे पुसत होती परवा. तिला दोष दिलात तो सूचकपणे दिला होतात का?"

श्यामराव उठले आणि आपला कप स्वतःच विसळायला घेऊन गेले.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. अख्खी इमारत होती, देवळातल्या पारावरच्या म्हाताऱ्या होत्या, आणि मधोमध, नव्या लुगड्यात, खुर्चीवर कौशल्याबाई होत्या. आप्पासाहेबांनी श्यामरावांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"बंधू-भगिनींनो," श्यामराव म्हणाले आणि थांबले. रात्री पाठ केलेली वाक्यं डोक्यातून गायब झाली होती. "हा बिघाड सेलमध्ये नव्हता. तो... वाहक जोडणीमध्ये बाह्य पदार्थाच्या प्रवेशामुळे निर्माण झाला होता."

टाळ्या पडल्या.

"आणि त्याचं मूळ," त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, "मूळ कारण मानवी होतं. मानवी निष्काळजीपणा."

पार्किंगमधल्या सगळ्या माना एकाच दिशेने वळल्या. मागे खांबाशी शालू उभी होती. आप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहून, घरचीच आहे, काय बोलायचं, अशा अर्थाने सुस्कारा सोडला. तनुजाताईंनी भुवया उंचावल्या. शालू खाली बघत होती. सूचकपणाचा परिणाम एवढा चोख झाला होता.

"बरं, आता म्होरलं," आप्पासाहेब म्हणाले. "बॅटरी नवी झाली, तवा पूजा तुमच्याच हातनं होऊ द्या. शालू, तबक आन."

इंद्रजीतने बैठकीखालचा डबा ओढून झाकण उघडलं. शालू तबक घेऊन आली. हळद, कुंकू, अक्षता, तांब्याभांडं आणि पळी. ती श्यामरावांच्या शेजारी उभी राहिली, आणि या वेळी ती एक शब्दही बोलली नाही. श्यामरावांनी पळी उचलली. पळीत पाणी होतं आणि त्यांचा हात इतका थरथरत होता, की ते शालीवर सांडू लागलं.

"घाला की पानी, गुरुजी," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला देवळात जायाचंय."

श्यामरावांनी पळी तबकात ठेवली.

"पाणी घालता येणार नाही, आजी," ते म्हणाले. ध्वनिक्षेपक अजून चालू होता आणि त्यांचा आवाज फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जात होता. "दसऱ्याला मी घातलं होतं. त्यानेच बिघडलं. आत माझ्या अक्षतांचा दाणा सापडला. निष्काळजी माणूस म्हणालो ना, तो मी. शालूने एवढंसुद्धा काही केलेलं नाही. उलट, पाणी नका घालू असं तिने मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी तिला गप्प केलं. आणि मग तिच्यावरच ढकललं." ते तिच्याकडे वळले. "माझं चुकलं, शालू. फार चुकलं."

कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबला. तो सौमित्र होता.

"खरं का गं?" कौशल्याबाईंनी विचारलं. दोन आठवड्यांत त्या शालूशी प्रथमच बोलत होत्या.

"हो, आजी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तेव्हा बोलले, तर काकांनी गप्प बसवलं," शालू म्हणाली. तबक अजून तिच्याच हातात होतं. "नंतर तुम्ही कोणी विचारलंच नाहीत."

आप्पासाहेब जमिनीकडे बघू लागले. इंद्रजीत झाकण लावण्यात गढून गेला. ते झाकण लावायला त्याला फारच वेळ लागला. कौशल्याबाईंनी खुर्चीचा खटका दाबला, खुर्ची गर्रकन वळवली आणि शालूच्या पुढ्यात आणून उभी केली.

"ठिव ते तबक," त्या म्हणाल्या. "चल देवळात. वाटंत बोलू."

दोघी फाटकातून बाहेर पडल्या. मागोमाग पारावरच्या म्हाताऱ्या गेल्या, मग बाकीचे एकेक करून वर गेले. श्यामराव शाल पांघरून, हातात नारळ घेऊन रिकाम्या सतरंजीवर उभे राहिले. ध्वनिक्षेपकवाला आला आणि त्याने त्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. सुनीतीबाई जवळ येऊन म्हणाल्या, "चला. आणि लिफ्टने चला, आता तुमच्यात पेटण्यासारखं काही राहिलेलं नाही."

फलक मात्र तसाच राहिला. सकाळी दूध आणायला जायचं म्हणजे फेटा घातलेल्या स्वतःच्या हसऱ्या तोंडाखालून जावं लागे. श्यामराव आठवडाभर मागच्या भिंतीला वळसा घालून गेले. अखेर एका दुपारी धीर करून त्यांनी आप्पासाहेबांना गाठलं आणि तो उतरवा अशी विनंती केली.

"आजच काडला असता," आप्पासाहेब ओशाळून म्हणाले. "पर आई काडू देत न्हाई."

"त्यांचा राग मी समजू शकतो."

"राग न्हाई हो. तुमीच बघा सांजच्याला."

संध्याकाळी श्यामराव गॅलरीत पडद्याआड उभे राहिले. खाली कौशल्याबाईंची खुर्ची फाटकापाशी आली आणि फलकापुढे थांबली. शेजारी शालू होती. कौशल्याबाईंनी वर बोट दाखवून काहीतरी म्हटलं, मग एक हात उंच धरून हवेतल्या हवेत पळीने पाणी घातलं, थरथरत, अगदी श्यामरावांसारखं. शालूने तोंडाला पदर लावला. पण ते पदरात मावेना, आणि दोघी रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, एकमेकींचा हात धरून हसत सुटल्या. ते हसू तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

श्यामरावांच्या कानांच्या पाळ्या पुन्हा गरम झाल्या. पण ते पडद्याआडून हलले नाहीत. खुर्ची देवळाच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे होते.

"काय म्हणाले आप्पासाहेब?" सुनीतीबाईंनी आतून विचारलं. "काढणार का तो फलक?"

"राहू दे," श्यामराव म्हणाले. "त्यांचं हसून होऊ दे."